दुरुस्तीची खिडकी : जानेवारीत चाललं, एप्रिलमध्ये का बंद पडलं?

मागच्या अंकात रॅमबद्दल लिहिताना ‘ओव्हरक्लॉकिंगवर पुन्हा कधीतरी’ असं एक वाक्य मी सहज टाकलं होतं. ते अंगाशी आलं. महिनाभरात आलेली निम्मी पत्रं याच विषयावरची, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याबद्दलची आहेत, म्हणून या वेळी प्रिंटर, मोडेम आणि हरवलेले पासवर्ड यांना सुट्टी.

एक खुलासा आधीच करते. आपल्याकडे अख्ख्या डब्याला ‘सीपीयू’ म्हणतात आणि ‘कूलर’ म्हटलं की खिडकीतला पाण्याचा कूलर डोळ्यांसमोर येतो. पत्रांमध्ये या दोन शब्दांनी इतका घोळ घातलाय की एका वाचकाला मी फोन करून विचारलं, तुमचा नक्की कोणता कूलर बंद पडलाय? तेव्हा खाली प्रोसेसर म्हणजे बोर्डावरची चिप, हीटसिंक म्हणजे तिच्यावर बसवलेला पंख्यासकटचा धातूचा ठोकळा आणि कूलर म्हणजे आपला खिडकीतलाच. बायोस म्हणजे विंडोजच्या आधी उघडणारं बोर्डाचं सेटिंगचं पान, कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा एकेक भाग आणि रेंडर म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल तयार करणं.

प्रश्न : ताई, मी चोपड्याचा, इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करून देतो, त्यातून माझा खर्च निघतो. मशीन रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, प्रोसेसरच्या खोक्यात आलेलाच पंखा. आधी रेंडर करताना ३.९ गिगाहर्ट्झ आणि १.२ व्होल्ट दिसायचं. जानेवारीत बायोसमध्ये जाऊन सगळे कोर ४.२ वर बांधले आणि व्होल्टेज १.३५ केलं. तीन महिने मस्त चाललं. आता दुपारी रेंडर लावलं की पंधरा-वीस मिनिटांत निळा स्क्रीन. रात्री लावलं तर कधी कधी पूर्ण होतं. घरामागे कापसाची जिनिंग मिल आहे, पण त्याचा काही संबंध नसावा. मित्र म्हणतो, व्होल्टेज १.४ कर भो, काही होत नाही. करू का?

उत्तर : नको करू. मित्राला चहा पाज आणि त्याला बायोसपासून लांब ठेव.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू जाता जाता लिहिलंयस : रात्री लावलं तर पूर्ण होतं. मशीन तेच, सेटिंग तेच, व्हिडिओही तसाच. बदलली ती फक्त खोलीतली हवा. हीटसिंक म्हणजे काही फ्रीज नव्हे. चिपची उष्णता तो खोलीतल्या हवेला देतो, बस. खोलीच्या तापमानाच्या खाली तो जाऊच शकत नाही. म्हणून त्याचा हिशेब ‘खोलीपेक्षा किती अंश जास्त’ असा मांडायचा. तुझ्यासारखंच एक मशीन माझ्या टेबलावर जानेवारीत होतं. खोली २२ अंश, पूर्ण लोडवर चिप ७४. म्हणजे फरक ५२ चा. हाच ५२ भुसावळच्या मे महिन्यातल्या दुपारी, पत्र्याखालच्या माझ्या दुकानात, ४२ अंशांवर चढव. ९४ झाले. रायझन ५ ३६०० साठी कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९५ आहे. ओव्हरक्लॉकिंग शिकवणारे व्हिडिओ बनवणाऱ्यांच्या खोलीत एसी असतो आणि २१-२२ अंश असतात. त्यांचे आकडे खोटे नसतात, पण ते आपल्या गावचे नसतात.

आता ९० च्या घरात गेल्यावर निळा स्क्रीन का? चिप तापली की तिच्यातून गळणारा करंट वाढतो आणि आतल्या ट्रान्झिस्टरची उघडझाप थोडी मंदावते. जानेवारीत ४.२ साठी जे १.३५ व्होल्ट पुरत होते, ते एप्रिलमध्ये पुरत नाहीत. एखादा हिशेब वेळेत पुरा होत नाही, चूक होते, विंडोज हात वर करते. मित्राचं निदान अर्धं बरोबर आहे, व्होल्टेज खरंच कमी पडतंय. पण ते वाढवलं की उष्णता आणखी वाढते, मग पुन्हा व्होल्टेज कमी पडतं. विहीर आटली म्हणून मोठी मोटर टाकण्यातला हा प्रकार.

थोडं गणित कर, तू इंजिनीअरिंगला आहेस. चिप चालताना खर्च होणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. १.२ वरून १.३५ म्हणजे १.१२५ पट, त्याचा वर्ग जवळपास १.२७. वेग ३.९ वरून ४.२, म्हणजे १.०८ पट. दोन्हींचा गुणाकार १.३६. उष्णता ३६ टक्के जास्त आणि वेग फक्त ८ टक्के जास्त. मित्राचे १.४ घातलेस तर उष्णता ४७ टक्क्यांवर जाते आणि वेग मात्र तोच ८. अर्ध्या तासाचं रेंडर सगळं जुळून आलं तरी २८ मिनिटांत होईल. म्हणजे एवढा आटापिटा दोन मिनिटांसाठी, आणि ती दोन मिनिटं निळ्या स्क्रीननंतर मशीन परत चालू करण्यात जातात.

आता जिनिंगचं. त्याचा संबंध नसावा असं तू लिहिलंयस, मी तिथूनच सुरुवात केली असती. गेल्या वर्षी बोदवडहून एक जण डबा मोटारसायकलवर बांधून घेऊन आला. खिडकीतूनच म्हणाला, “ताई, बंद पडी गयं.” त्याचंही घर जिनिंगला लागून. हीटसिंकवरचा पंखा मी सोडवला तर खाली ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दिसेनात. रुईचा राखाडी थर बसला होता, दाबून बसवलेल्या नमद्यासारखा. चिमट्याने कडेला धरून ओढला तर अख्खा एका तुकड्यात निघाला : पंख्याच्या आकाराची गोल चकती, मधोमध मोटारीएवढं भोक. कुणीतरी साचा लावून कापल्यासारखी. ती मी अजून दुकानात खिळ्याला टांगून ठेवलीय. त्या मशीनचं एकही सेटिंग मी बदललं नाही, तरी तापमान ११ अंशांनी उतरलं. साधी धूळ ब्लोअरने उडते, रुई उडत नाही. तेल आणि धुळीने ती चिकटून बसते, हातानेच काढावी लागते. दिवाळीपासून होळीपर्यंत जिनिंग चालते, म्हणजे तुझा जानेवारीतला स्वच्छ हीटसिंक आणि आत्ताचा हीटसिंक एकच राहिलेला नाही.

साफ करताना दोन गोष्टी जपायच्या. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेव. ती मोकळी सोडली की भिंगरीसारखी फिरतात, बेअरिंग जातं आणि मग महिन्याभरात पंखा रडायला लागतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. हीटसिंक काढायच्या आधी मशीन दहा मिनिटं रेंडरवर चालव, बंद कर, वायर काढ, आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधली पेस्ट कोमट आहे तोवर स्क्रू सोडवून हीटसिंक आधी डावीकडे-उजवीकडे हलकेच फिरव, मगच उचल. तुझ्या सॉकेटमध्ये प्रोसेसर वरून दाबून धरणारी पट्टी नसते. वाळलेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसर हीटसिंकबरोबर उपटून येतो आणि खाली १३३१ पिना आहेत. वाकलेल्या पिना मोबाइलच्या उजेडात शिवणाच्या सुईने सरळ करण्यात माझ्या किती संध्याकाळी गेल्यात, ते विचारू नकोस. जुनी पेस्ट पुसून नवी मटारच्या दाण्याएवढी लाव. अख्खी ट्यूब संपवायची नसते.

हे झालं की बायोस मूळ सेटिंगवर आण. बायोसमध्ये शिरताच येत नसेल तर वायर काढून बोर्डावरचा गोल सेल पाच मिनिटं बाहेर ठेव. मग फक्त रॅमचं एक्सएमपी, म्हणजे तिच्यावर छापलेल्या वेगाचं तयार सेटिंग, चालू कर. मूळ सेटिंगवर रॅम बहुतेकदा २१३३ किंवा २४०० वर चालते, तिच्यावर ३२०० छापलेलं असलं तरी. रायझनला वेगवान रॅम मानवते आणि त्यासाठी प्रोसेसरचं व्होल्टेज तुला हाताने चढवावं लागत नाही.

आणि तरीही हात शिवशिवत असतील तर उलट्या बाजूने जा. सगळे कोर ४.० वर बांध आणि व्होल्टेज १.२५ पासून अगदी लहान पायऱ्यांनी खाली उतरव. प्रत्येक पायरीवर सिनेबेंच या प्रोसेसरला ताण देणाऱ्या चाचणीची दहा मिनिटांची फेरी. जिथे अडखळेल तिथून दोन पायऱ्या वर येऊन थांब. मग प्राइम९५ ही त्याहून कडक चाचणी तासभर, शेजारी एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान. आणि ही परीक्षा रात्री नाही घ्यायची, दुपारी तीन वाजता घ्यायची. ८५ च्या खाली राहिलं तर ठेव. मात्र सगळे कोर ४.० वर बांधले की एकट्या कोरचं काम असताना प्रोसेसर आपणहून ४.२ पर्यंत चढतो, ते थांबतं. टाइमलाइन मागेपुढे करताना तो फरक जाणवेल. मी स्वतः असते तर सगळं ऑटोवर सोडलं असतं.

३६०० मध्ये स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे तुझ्याकडे कार्ड नक्की आहे. ते जीटीएक्स १०५० किंवा त्यावरचं असेल तर एक्सपोर्टमध्ये हार्डवेअर एन्कोडिंग निवड, म्हणजे व्हिडिओची फाइल बनवायचं काम कार्ड करेल. ज्या ८ टक्क्यांसाठी तू झगडतोयस त्याच्या कितीतरी पट वेळ तिथे वाचेल.

आणि एक बोचणारं बोलते. अर्धवट टिकणारं ओव्हरक्लॉक नेहमी निळा स्क्रीन दाखवून जाहीर होतंच असं नाही. कधी ते गुपचूप फाइल खराब करतं. माझ्याकडे अशी एक हार्डडिस्क आली होती, हळदीपर्यंतचं शूटिंग शाबूत आणि पुढच्या क्लिप उघडत नव्हत्या. लग्न परत लागत नाही. मूळ फुटेज आधी दुसऱ्या डिस्कवर उतरव, मग बायोसमध्ये काय खेळायचं ते खेळ.

प्रश्न : माझा मुलगा बारावीला आहे. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये आय५-१२४००एफ, एच६१० बोर्ड आणि ८ जीबी रॅमची एक पट्टी आहे. ओळखीच्या एका मेकॅनिकने ‘प्रोसेसर ओव्हरक्लॉक करून देतो, दीड हजार होतील’ असं सांगितलं आहे. वॉरंटी अजून बाकी आहे. करून घ्यावं का? (एक पालक, पारोळा)

उत्तर : दादा, दीड हजार खिशातच ठेवा. हा प्रोसेसर तुमच्या बोर्डावर ओव्हरक्लॉक होतच नाही, मग ते पैसे कशाचे?

प्रोसेसरचा वेग म्हणजे मूळ ठोका गुणिले गुणक. मूळ ठोका १०० मेगाहर्ट्झचा असतो आणि गुणक ४४ असला की ४.४ गिगाहर्ट्झ. इंटेलच्या नेहमीच्या डेस्कटॉप प्रोसेसरपैकी ज्यांच्या नावात ‘के’ आहे त्यांचाच गुणक वरच्या बाजूला मोकळा असतो, आणि तोही बोर्ड झेड मालिकेचा असेल तरच हलवता येतो. तुमच्या नावात ‘एफ’ आहे. त्याचा अर्थ एवढाच की आत ग्राफिक्स नाही. एच६१० बोर्डावर तर ती सोयच नाही. रायझनचं वेगळं, त्यांचे बहुतेक प्रोसेसर मोकळे असतात, पण तिथेही ए३२० किंवा ए५२० बोर्ड असेल तर दार बंद.

बरं, तुमचा १२४००एफ आपला आपण २.५ पासून ४.४ पर्यंत चढतो. कंपनीने त्याच्यासाठी ६५ वॅट हा पायाभूत आणि ११७ वॅट हा टर्बोचा आकडा दिलाय. म्हणजे ओव्हरक्लॉक तो कारखान्यातूनच शिकून आलाय. त्याला फक्त हवा मोकळी द्या. बऱ्याच घरांत डबा टेबलाच्या लाकडी कप्प्यात कोंबलेला असतो, वर देवाच्या फोटोसारखा कापडी पडदा. तो कप्पा रिकामा करा, हे दीड हजारांचं काम फुकटात झालं.

उरलेल्या पैशांत दुसरी ८ जीबीची पट्टी घ्या, आहे तिच्याच जोडीची, आणि बोर्डाच्या पुस्तिकेत बघून लावा. एका पट्टीवर प्रोसेसर रॅमशी एकाच वाटेने बोलतो, दोन लावल्या की दोन वाटा होतात. खेळांमध्ये याचा फरक मुलाला पहिल्याच दिवशी दिसेल. डिस्क जुनी, फिरणारी असेल तर रॅमच्याही आधी एसएसडी. वॉरंटीचं विचारलंत म्हणून, ओव्हरक्लॉकमुळे प्रोसेसर गेला तर इंटेल किंवा एएमडी कुणीच वॉरंटीत धरत नाही. पण तुमच्याबाबत तो प्रश्नच येत नाही.

(बारावीचं वर्ष आहे, मशीन थोडं हळू राहिलं तर बरंच की. पण हे मी म्हटलं असं मुलाला सांगू नका.)

प्रश्न : जळगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. मशीन ओव्हरक्लॉक केलेलं आहे आणि उन्हाळ्यात तापतं. डब्याचा साइड पॅनल काढून समोर कूलर लावला तर चालेल का?

उत्तर : खोलीत लावा, डब्यासमोर नको.

आपल्याकडे मार्च ते मे हवा कोरडी खडखडीत असते, त्यामुळे गवताच्या जाळ्यांतून आलेली हवा खरोखर आठ-दहा अंशांनी गार होते. खोली ४२ वरून ३३ वर आली की चिपही साधारण तेवढीच उतरते. पहिल्या पत्रातला हिशेब इथेही लागू. पण कूलर डब्याच्या तोंडाशी आणला की वाऱ्याबरोबर पाण्याचे बारीक थेंब येतात. आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार किती, ते कूलरच्या टाकीत जमलेल्या पांढऱ्या पापुद्र्यावरून बघा. तोच पापुद्रा बोर्डावर बसलेला मी खरवडलाय. पावसाळ्यात तर हवाच दमट, कूलर गार करत नाही, नुसती ओल देतो. जूनमध्ये पहिला पाऊस झाला की तो बंद.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, तरी सांगते. लोखंडी कूलर आणि कॉम्प्युटर विजेच्या एकाच बोर्डावर असतील तर आधी अर्थिंग तपासून घ्या. कूलरला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर आजच. आणि लाइट गेली की कूलर बंद होतो, पण तुमचं मशीन यूपीएसवर चालूच राहतं, तेही बंद खोलीत. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. ओव्हरक्लॉक केलेला प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड आणि मॉनिटर मिळून त्याच्या वर गेलं तर लाइट जाताच मशीनही जाणार आणि लोक प्रोसेसरला नावं ठेवणार. डब्यासोबत फुकट आलेल्या एसएमपीएसचंही, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या पेटीचंही, तेच. बाहेर ४५० लिहिलेलं असतं, हातात घेतलं तर रिकाम्या पेटीसारखा हलका. असल्या एसएमपीएसवर ओव्हरक्लॉक केलेलं मशीन मी दुरुस्तीला घेते, पण ‘जसं होतं तसंच करून द्या’ म्हणाल तर परत पाठवते.

प्रश्न : धुळ्याला आम्ही पूर्वी सेलेरॉन ३०० चा ४५० करायचो, तोही फुकटात. आता एवढे महागडे प्रोसेसर, आणि मिळतात पाच-आठ टक्के. असं का? (निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, पत्र वाचून मला माझी पहिली नोकरी आठवली. इथल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लासच्या सरांच्या केबिनमधल्या मशीनमध्ये तुम्ही म्हणता तो सेलेरॉन ३००ए होता, १९९८ सालचा. त्याचा गुणक ४.५ वर पक्का बांधलेला, पण मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ. तो १०० केला की ४.५ गुणिले १००, झाले ४५०. प्रोसेसर उभ्या कार्डासारखा खाचेत बसायचा आणि बोर्ड ऐकत नसेल तर लोक त्या कार्डाच्या एका संपर्कपट्टीवर सेलोटेपचा इवलासा तुकडा लावायचे. बोर्डाला वाटायचं, हा १०० वालाच आहे. तो तुकडा मी माझ्या हाताने लावलाय, भुवया कोरायच्या चिमट्याने. मशीन ४५० दाखवत उठलं तेव्हा क्लासमधली मुलं टाळ्या वाजवत होती आणि सरांना वाटलं, आज परीक्षेचा निकाल लागला.

तेव्हा ते का जमायचं? कारण कंपनी चिपच्या खऱ्या ताकदीपेक्षा बरंच खाली लेबल लावून विकायची. ३००ए मध्ये तर १२८ केबी कॅश, म्हणजे प्रोसेसरची हाताशी असलेली वेगवान मेमरी, चिपच्या आतच होती, पूर्ण वेगाने चालणारी, त्यामुळे बाहेरची कॅश मागे ओढायची भानगड नव्हती. आता प्रोसेसर स्वतःच क्षणाक्षणाला तापमान, करंट आणि व्होल्टेज बघतो आणि जमेल तितका वर चढतो. तुम्ही-आम्ही सेलोटेप लावून जी मलई काढायचो, ती आता कंपनीच काढून खोक्यावर ‘बूस्ट’ म्हणून छापते. शिल्लक राहिलंय ते भांड्याच्या तळाचं. ९ गिगाहर्ट्झच्या वर गेल्याचे विक्रम आहेत, पण त्यासाठी चिपवर द्रव हेलियम ओतावा लागतो.

प्रश्न : ओव्हरक्लॉकने लाइटबिल किती वाढतं? (गृहिणी, अमळनेर. मुलगा ‘काहीच नाही’ म्हणतो.)

उत्तर : ताई, लोडवर ४० वॅट जास्त धरा आणि रोजचे सहा तास. महिन्याला सात युनिट आणि वर थोडं. मुलगा सहाच तास बसतो ना?